आबांचा आवाज परत मिळाला: जुन्या कॅसेटी डिजिटल करून घेतल्या त्याचा अनुभव

आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, जाऊन आठ महिने झाले. फोटो ढीगभर आहेत पण आवाज कुठेच नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो, कारण मोबाइल आल्यापासून शूटिंग कायम आबाच करायचे आणि त्यात त्यांचं फक्त "जवळ सरका, अजून जवळ" एवढंच ऐकू येतं. मग कपाट आवरताना आजीला बुटाच्या खोक्यात सहा कॅसेटी सापडल्या. प्रत्येकीवर निळ्या पेनाने, त्यांच्या त्या तिरक्या अक्षरात, 'धाकटीचे बोबडे बोल', 'सगळे सुट्टीला आले', असं लिहिलेलं. आणि वरच्या कडेच्या प्लास्टिकच्या टिकल्या सगळ्या कॅसेटींच्या मोडून ठेवलेल्या. त्या मोडल्या की चुकून वर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. आमच्या बोबड्या बडबडीला एवढं जपलं होतं त्यांनी, हे बघून मी तिथेच खाली बसले.

पहिल्यांदा एकीकडे एकच कॅसेट दिली, नाव लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी एमपीथ्री हातात, एकदम 'क्लीन' करून. खरखर गेली होती पण आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, आबांचा श्वास नाही, बोलता बोलता ते थांबायचे तिथे नुसती पोकळी. आजीने दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "हा ह्यांचा आवाज नाही गं." मला इतकं तुटलं ना आतून.

मग ओळखीतून दुसरी सर्व्हिस कळली, आणि हा रिव्ह्यू खरं तर त्यांच्यासाठीच आहे. एकच काका काम करतात. त्यांनी कॅसेटी लगेच प्लेअरमध्ये घातल्याच नाहीत, आधी एकेक उजेडात धरून बघितली. दोन कॅसेटींच्या आतला फेल्टचा बारीक तुकडा गळून पडला होता, जो टेपला हेडवर, म्हणजे प्लेअरच्या आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो, तो त्यांनी बारीक स्क्रू काढून नवीन बसवला. टेप एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घेतली, मग हेडचा कोन जरा जरा फिरवत आवाज सगळ्यात मोकळा कुठे येतो ते कान देऊन बघत बसले. घाई असेल तर इथे जाऊ नका. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटंच लागतात, एक बाजू तीस आणि दुसरी तीस, त्यात शॉर्टकट नाही.

आता खरी गोष्ट सांगते. 'सगळे सुट्टीला आले' ही कॅसेट लावली तर आबा भराभर आणि बारीक आवाजात बोलतायत. काका म्हणाले रेकॉर्ड करताना सेल उतरलेले असणार, मोटर हळू फिरली की टेपही हळू सरकते, मग चांगल्या मशीनवर वाजवलं की सगळं पळतं. पण नेमकं किती पळतंय हे कळायचं कसं? त्यांनी हेडफोन मला दिला आणि विचारलं, मागे टिकटिक कसली आहे? आबांच्या खुर्चीच्या वर भिंतीवर सेलचं घड्याळ होतं, सेकंदाला एक टिक! आम्ही मोजलं, साठ टिका छप्पन्न सेकंदांत संपत होत्या. त्या हिशोबाने त्यांनी स्पीड जवळजवळ सात टक्के खाली आणला आणि आबा बोलले. त्यांच्या स्वतःच्या आवाजात, सावकाश, "अरे त्या कोपऱ्यातल्याला पुढे घ्या, त्याचं काहीच ऐकू येत नाहीये." पहिल्या ठिकाणी असती तर हीच टिकटिक खरखरीबरोबर पुसली गेली असती.

म्हणून कुणी देणार असाल तर आधी सांगा की काहीही न पुसता डब्ल्यूएव्ही फाइल (एमपीथ्रीसारखा आवाज न दाबता जसाच्या तसा ठेवणारी) पाहिजे, साफ केलेली हवी तर ती वेगळी घ्या. आणि कॅसेटी परत मागून घ्या, मशीनवर उतरल्या म्हणून टाकून देऊ नका, फक्त उन्हापासून आणि स्पीकरच्या चुंबकापासून लांब ठेवा.

तक्रार म्हणाल तर दोन आहेत. दिलेली तारीख दोनदा पुढे गेली आणि फोन मलाच करावा लागला. आणि फाइलींची नावं नुसती एक-ए, एक-बी अशी, लेबलवरचं काहीच नाही. ते मी घरी बसून एकेक ऐकून लिहिलं, चार संध्याकाळी गेल्या, पण त्या मला कुणी परत दिल्या तरी नकोत. पैसे पहिल्यापेक्षा बरेच जास्त लागले, तरी मी परत तिथेच देईन.

आजीला मोबाइलवर लावून दिलं. ती बाकी काही ऐकत नाही, तीन-बी मधला एकच तुकडा पुन्हा पुन्हा लावायला सांगते, जिथे आबा आम्हा प्रत्येकाला नाव घेऊन बोलायला लावतात आणि शेवटी तिला म्हणतात, "आता तू बोल." त्यावर ती काहीच बोललेली नाहीये, नुसती हसलीये, आणि मागे घड्याळ चालू आहे.