मेगाबिट की मेगाबाइट, स्पीड नक्की कशात बघायची?

घणसोलीच्या नवीन घरात १०० एमबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटचं, इंटरनेट कनेक्शन घेतलं आणि पहिल्याच दिवशी बाबांची हाक, "अरे बघ, ११ च दाखवतंय, फसवलं आपल्याला!" फसवलं वगैरे काही नव्हतं हो, प्लॅन होता मेगाबिटमध्ये आणि डाउनलोडच्या खिडकीत होते मेगाबाइट. ८ बिटचा १ बाइट, म्हणून १०० भागिले ८, झाले साडेबारा, त्यातलं थोडं पॅकेटच्या हेडरमध्ये, म्हणजे डेटाच्या प्रत्येक तुकड्यावरच्या पत्त्याबित्त्याच्या माहितीत जातं, उरले अकरा-बारा.

मेगाबिट म्हणजे छोटा बी (इंग्रजीत Mb, मेगाबाइटचा MB), नेटवर्कवाल्यांचं माप. राउटर, प्लॅन, स्पीड टेस्ट सगळीकडे हेच, आणि आकडा आठपट मोठा दिसतो त्याचं जाहिरातवाल्यांना काय वाईट वाटणार म्हणा. दोन प्लॅन ताडून बघायचे असतील तर हेच बरं.

पण घरात मला मेगाबाइटच, मोठा बी, जास्त कामाचा वाटतो कारण फाइलची साइज त्यातच असते. ४ जीबीचा पिक्चर, म्हणजे ४००० भागिले साडेबारा, ३२० सेकंद, ठाण्याला वाशी गाडीची वाट बघता बघता उतरला असता.

अजून एक गोची, नेटवर्कचा मेगा सरळ १० लाखांचा पण विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, त्यामुळे तीच ४ जीबीची फाइल तिथे साधारण ३.७ दिसते. या १०२४ वाल्या मापांसाठी १९९८ मध्ये मेबिबाइट, गिबिबाइट अशी वेगळी नावं काढली, पण बोलताना कोण वापरतंय!

बाबा आता प्रत्येक आकड्याला आधी विचारतात, "छोटा की मोठा?"