टेस्ट लॅम्प घ्यायचा तर साधा बल्बवालाच घ्या

गाडीचा दिवा गेला की घरातले सगळे आधी मला सांगतात, गॅरेज नंतर. त्यामुळे टेस्ट लॅम्प, म्हणजे वायरीत सप्लाय येतोय का ते दाखवणारा १२ व्होल्टचा टेस्टर, सतत माझ्या हाताशी असतो. सध्याचा अगदी बाळबोध आहे. पारदर्शक मूठ, आत छोटा बल्ब, पुढे सुई, मागे वायर आणि तिच्या टोकाला चिमटा. मुठीवर ६ ते २४ व्होल्ट असं छापलंय. याआधी आकडे दाखवणारा, लाल-हिरव्या एलईडीचा टेस्टर वापरायचे. दिसायला तो भारीच होता, पण दिव्यांच्या कामाला आता मी हा बल्बवालाच उचलते.

कारण सोपं आहे. एलईडीला जेमतेम काही मिलिअँपिअर पुरतात. जोड गंजून वायर जेमतेम टेकत असली, तरी आकडेवाला टेस्टर खुशाल १२ व्होल्ट दाखवतो. आपण म्हणतो सप्लाय येतोय, बल्बही नवा आहे, मग दिवा का लागत नाही? बल्बवाला टेस्टर करंट ओढतो. माझ्यातला बल्ब ३ वॉटचा, म्हणजे साधारण पाव अँपिअर. तेवढं ओढल्यावर असा लंगडा सप्लाय झुकतो आणि मुठीतला उजेड मिणमिणतो. अर्थात ब्रेक लाइटचा बल्ब २१ वॉटचा, तो पावणेदोन अँपिअर ओढतो. त्याला अडवणारा बारीकसा दोष या ३ वॉटला जाणवेलच असं नाही. तिथे मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचा मीटर, लागतोच: दिवा चालू ठेवायचा, एक टोक होल्डरच्या अर्थ पिनला (अर्थ म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीकडे परत जायची वाट), दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. ०.२ व्होल्टच्या वर आकडा गेला की अर्थमध्ये काहीतरी गडबड आहे.

अर्थच्या दोषाइतकं फसवं दुसरं काही नाही. नणंदेच्या गाडीत ब्रेक दाबला की एका बाजूचा टेल लाइट मंद व्हायचा आणि इंडिकेटर किंचित उजळायचा. करंटला परतीची वाट मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. अशा वेळी टेस्टर उलटा लावायचा: चिमटा पॉझिटिव्हला, सुई अर्थला. होल्डरच्या अर्थ पिनवर बल्ब पिवळट पेटला, बॉडीच्या उघड्या पत्र्यावर लख्ख. डिकीतलं कार्पेट उचललं तर अर्थच्या बोल्टखाली हिरवट-पांढरी पूड साचलेली. पॉलिश पेपरने घासून बोल्ट पुन्हा आवळला. बदलायला एकही पार्ट लागला नाही.

फ्यूज तपासायला तर हा टेस्टर फारच सोयीचा. ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक खाचांत धातू उघडा असतो, त्यामुळे फ्यूज उपसायची गरज नाही. किल्ली ऑन करायची, चिमटा बॉडीला, सुई दोन्ही खाचांना. दोन्हीकडे पेटला तर फ्यूज चांगला, एकीकडेच पेटला तर उडालेला. कुठेच पेटला नाही तर फ्यूजला दोष देऊ नका, त्याच्यापर्यंत सप्लायच येत नाहीये. रिले (विजेने चालणारा स्विच) किंवा साधा स्विच बघा, आणि तो दिवा मुळात चालू केलाय ना तेही. नुसत्या डोळ्यांनी बघून ठरवू नये, केसाएवढी चीर दिसत नाही.

नवा फ्यूज टाकताक्षणी उडतो, तिथे या टेस्टरची खरी किंमत कळते. लोक १० अँपिअरचा लाल काढून १५ चा निळा घालतात, तोही गेला की २० चा पिवळा. मग फ्यूजऐवजी वायर तापते. त्यापेक्षा उडालेला फ्यूज काढा, त्या सर्किटवरचे सगळे बल्ब काढा आणि फ्यूज जिथे बसतो त्या रिकाम्या जागेतल्या दोन टोकांपैकी एकाला टेस्टरचा चिमटा व दुसऱ्याला सुई धरा. बल्ब काढलेले असूनही टेस्टर पेटला, म्हणजे वायर कुठेतरी बॉडीला टेकलीय. आता बल्बच फ्यूजचं काम करतो, करंट पाव अँपिअरच्या वर जाऊच देत नाही. मग निवांतपणे हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हलवत जायचं. एका गाडीत नंबर प्लेटच्या दिव्याची वायर डिकीच्या बिजागरीपाशी, रबरी नळीच्या आत सोलली होती. झाकण वर केलं की टेस्टर विझायचा, खाली आणलं की पेटायचा. हे काम मिलिअँपिअरवाल्या टेस्टरने जमत नाही. शॉर्ट किती पक्का, हे त्याला कळतच नाही.

आता तक्रारी. वायर फारच आखूड आहे, फ्यूज बॉक्सपासून दारापर्यंतही धड पोचत नाही. मी तिला जोड दिलाय. चिमट्याची स्प्रिंग लेची, रंगवलेल्या पत्र्यावर पकड घेत नाही, आणि चिमटा सुटला की बल्ब विझतो आणि सप्लाय असूनही नसल्यासारखा वाटतो. म्हणून दर वेळी आधी बॅटरीच्या पॉझिटिव्हला सुई लावून बघते. सुई इतकी टोकदार की वायरच्या आवरणात सहज घुसते, आणि लोक तशीच घुसवतात. त्या भोकातून ओल आत जाते आणि तांबं हिरवं पडतं. कनेक्टरच्या मागच्या बाजूने टोचा.

दोन ठिकाणी मात्र हा टेस्टर अजिबात नको. पिवळ्या कनेक्टरवाली एअरबॅगची वायरिंग, कारण तिथे पाव अँपिअरही धोक्याचं. आणि कंट्रोल मॉड्यूलच्या (गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरच्या) सिग्नलच्या वायरी. त्यांना मल्टिमीटरच लावायचा. नव्या गाड्यांत दिव्यांचा सप्लायही मॉड्यूलच देतं, शॉर्ट दिसला की तेच बंद करतं, आणि फ्यूज शाबूतच राहतो. बल्ब तपासायला ते अधूनमधून बारीक पल्सही सोडतं, त्यामुळे आकडेवाल्या टेस्टरचा एलईडी उगाच लुकलुकतो.

मूठ फिरवून उघडते आणि आतला बल्ब सहज बदलता येतो, हे आवडलं. सोबत जादा बल्ब मात्र दिलेला नाही.