ऑनलाइन नाव सुधारून देणारं पॅकेज: ६ महिन्यांनंतरचा अनुभव

परवा रिन्यूअलचा मेसेज आला आणि डोकंच तापलं, म्हणून लिहायला बसले. नोकरी शोधणाऱ्यांचं इंटरनेटवरचं नाव, म्हणजे तिथली प्रतिमा, नीट करून देणाऱ्या एका कंपनीचं ६ महिन्यांचं पॅकेज मी ७,५०० रुपये भरून घेतलं होतं. एवढ्यात माझ्या लेकीची क्लासची फी भागली असती.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात ९ वर्षं अकाउंट्स बघितले. टॅलीत हिशोब, जीएसटी आणि माल घेणाऱ्या पार्ट्यांकडून थकलेली उधारी वसूल करणं. माणसं कमी केली, त्यात मीही आले.

पॅकेजमध्ये फेसबुक-गुगलवरची 'साफसफाई' आणि लिंक्डइन या नोकरीच्या साइटवर आपली माहिती नीट लिहून देणं होतं. 'साफसफाई' म्हणजे त्यांनी फेसबुकवर जुन्या पोस्ट मर्यादित करायचं बटण माझ्याकडून दाबून घेतलं. पब्लिक असलेल्या सगळ्या जुन्या पोस्ट एका झटक्यात फक्त मित्रांपुरत्या झाल्या. काम चांगलं झालं, पण ते बटण सगळ्यांना फुकट आहे. गुगलचंही तेच. एका साइटवरून मी बायोडाटा कधीच काढला होता, तरी शोधात त्याच्या दोन ओळी दिसायच्या. त्यासाठी गुगलचा फॉर्म असतो, तो त्यांनी भरला. मूळ पान गेलेलं किंवा बदललेलं असेल तरच त्याचा उपयोग होतो. पान जसंच्या तसं असेल तर आधी त्या साइटवाल्याच्याच मागे लागावं लागतं. हे पैसे घेण्याआधी कुणी बोललं नाही.

पण माझा खरा राग वेगळाच आहे.

एचआरवाल्यांचे फोन यायचे. कधी गॅसवर भाकरी, कधी गाडीवर, एखादा मिस व्हायचा. मी परत लावायचे, पलीकडे कुणी उचलायचंच नाही. तीन महिने असं चाललं. शेवटी पुण्याच्या एका मॅडमनी व्हॉट्सॲपवर त्यांच्या फोनचा स्क्रीनशॉट पाठवला. कॉल कुणाचा ते सांगणारं ॲप त्यांच्याकडे होतं. पडदा लालभडक, माझ्या नंबरवर नाव 'टॉवेल वसुली सोलापूर', खाली ४१ जणांनी स्पॅम, म्हणजे नकोसा कॉल, म्हटलेलं. बघून रडूच आलं. ती वसुली मी मालकासाठी केली होती, स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या रिचार्जवर. चिडलेल्या पार्ट्यांनी नंबर तसा सेव्ह केला, स्पॅम मारला, आणि ते सगळं माझ्या कपाळी आलं.

माझं नाव सांभाळायचे पैसे घेणाऱ्यांपैकी एकानेही ६ महिन्यांत माझा नंबर दुसऱ्याच्या फोनवर लावून बघितला नाही. तक्रार केली तर म्हणाले, 'हे आपल्या स्कोपमध्ये येत नाही मॅडम.' मग मीच त्या ॲपवर खातं काढलं, नाव दुरुस्त केलं, स्पॅमचा शिक्का काढायचा अर्ज केला. दहा दिवसांत लाल गेलं. खर्च शून्य.

इथवर लिहून एक स्टार देणार होते. रात्री लिंक्डइन उघडलं तेव्हा मत थोडं बदललं. आधी माझ्या नावाखाली नुसतं 'अकाउंट्स असिस्टंट' होतं. त्यांनी तिथे 'जीएसटी रिटर्न, टॅली, थकबाकी वसुली, टेक्स्टाइलमधला ९ वर्षांचा अनुभव' असं लिहून दिलं. फोन यायला लागले ते त्यानंतरच. ही ओळ मला सुचली नसती. म्हणून दोन स्टार. रिन्यूअल मात्र घेणार नाही.

पॅकेज घ्यायचंच असेल तर पैसे भरायच्या आधी नणंदेच्या, शेजारणीच्या, कुणाच्याही फोनवर आपला नंबर लावून काय नाव येतंय ते बघा. त्याच पुण्याच्या मॅडमना मी सोमवारी फोन केला, दुसऱ्या रिंगला उचलला. शनिवारी मुलाखत आहे, सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने निघतेय.