ठाण्यातलं गणिताचं सराव सेंटर, कॉम्प्युटरवरचा पेपर: ऐकायला भारी, लिहायला वैताग

नौपाड्यात आहे, स्टेशनवरून चालत जाता येतं, पण दुसरा मजला आणि लिफ्ट नाही हे आधीच सांगतो. माझी नजर खूप कमी, चाळिशी उलटल्यावर ओपन स्कूलमधून दहावी देतोय आणि घोडं अडलंय ते गणितापाशीच. इथे सराव पेपर कागदाऐवजी कॉम्प्युटरवर घेतात, एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, टाकलेलं आहे, हेडफोन लावायचा आणि ऐकत सोडवायचा.

ऐकण्याचं काम एक नंबर. आजवर कोणीतरी शेजारी बसून वाचायचं, "एक्स प्लस वन बाय टू", आता दोनने भागायचंय ते नुसत्या एकाला की सगळ्याला? सारखं विचारायची पण लाज वाटते, आणि वाचणाऱ्यालाच गणित येत नसलं तर झालंच कल्याण. इथे समीकरणं मॅथएमएलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला गणिताची मांडणी कळेल अशा कोडमध्ये आहेत आणि मॅथकॅट नावाचं फुकटचं अ‍ॅड-ऑन अपूर्णांक कुठे सुरू झाला, कुठे संपला ते बोलून सांगतं. एनव्हीडीएचं बटण (सहसा इन्सर्ट), ऑल्ट आणि एम एकत्र दाबलं की समीकरणाच्या आत शिरता येतं, मग बाणाच्या बटणांनी नुसता अंश ऐका, नुसता छेद ऐका, दहादा ऐका, कोणी वैतागत नाही. आवाज इंग्रजी लावलाय, मराठी मीडियमवाल्यांना थोडे दिवस जड जाईल.

पण काही पेपर जुने कागद स्कॅन करून तसेच चढवलेत, तिथे एनव्हीडीए नुसतं "ग्राफिक" म्हणून गप्प. स्तंभालेखाचंही तेच. सरांना सांगितलं तर म्हणे, अहो स्क्रीनवर दिसतंय की! आता काय बोलणार.

खरी बोंब उत्तर लिहिताना. साधा बॉक्स दिलाय, त्यात वर्गमूळ आणि अपूर्णांक कंस टाकटाकून टाइप करायचे, चार पायऱ्या झाल्या की आधी काय लिहिलं तेच सापडत नाही. एक पूर्ण अंध ताई कच्चं काम करायला टेलर फ्रेम (हाताने चाचपून आकडेमोड करायची, खाचांत ठोकळे बसवायची पाटी) आणतात, पण टेबल एवढं अरुंद की फ्रेम ठेवली तर कीबोर्ड मांडीवर घ्यावा लागतो. आणि टायमर! केंद्र सरकारच्या 2018 च्या गाइडलाइन्समध्ये तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ द्यायचं लिहिलंय, इथे मात्र ठरलेली वेळ झाली की पेपर फटकन बंद, हाताने वाढवायची सोय सरांना माहीत नाही किंवा करायची नाही.

वाचनाला पाच स्टार, लिखाणाला दोन. जाणार असाल तर स्कॅनचे पेपर बदलले का ते फोनवर विचारून घ्या, आणि हेडफोन स्वतःचा न्या, तिथल्याचा एकच कान चालतो.