टाकीचे झाकण बिघडले: सर्व्हिस सेंटर, मेकॅनिक की घरचा पाना?

मोटारसायकलच्या पेट्रोल टाकीच्या झाकणात किल्ली अर्धी फिरते आणि तिथेच अडते. मागे पेट्रोलसाठी थांबलेल्यांची चुळबुळ सुरू होते आणि आपण नकळत जास्त जोर लावतो. किल्ली मोडण्याचा प्रसंग बहुधा याच क्षणी ओढवतो. मग गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्यावी, ओळखीच्या मेकॅनिककडे टाकावी की घरीच पाना हातात घ्यावा, हा प्रश्न समोर येतो. माझ्या मते या तिघांपैकी चांगला कोण, हे सरसकट ठरवता येत नाही. झाकणाचा नेमका कोणता भाग बिघडला आहे, ते कळले की कोणाकडे जायचे ते बव्हंशी आपोआप ठरते.

वरून एकसंध दिसणाऱ्या या झाकणात चार वेगवेगळी कामे चाललेली असतात. मध्यभागी कुलपाचा बॅरल असतो, त्यात पितळेच्या किंवा तत्सम धातूच्या पातळ पट्ट्या बारीक स्प्रिंगांवर बसवलेल्या असतात आणि किल्लीचे दाते त्यांना एका रेषेत आणतात. त्याखाली टाकीच्या तोंडात अडकणारा खटका असतो. कडेला पेट्रोल व वाफ रोखून धरणारे रबरी पॅकिंग असते. चौथा भाग म्हणजे हवेची वाट. पेट्रोल कमी होत जाईल तशी तेवढी हवा आत यावी लागते, आणि गाडी आडवी झाली तरी पेट्रोल बाहेर सांडू नये यासाठी या वाटेवर बहुधा छोटी झडप असते. काही गाड्यांत ही वाट झाकणातून न जाता नळीने कोळशाच्या कॅनिस्टरकडे, म्हणजे पेट्रोलची वाफ शोषून धरणाऱ्या डब्याकडे, वळवलेली असते. नवे झाकण घेताना हा फरक महत्त्वाचा ठरतो, त्याकडे पुढे वळतो.

कोणाकडेही जाण्यापूर्वी तीन गोष्टी घरी पाहाव्यात, त्यांना काहीच लागत नाही. पहिली म्हणजे कपाटात पडून असलेली दुसरी किल्ली लावून पाहणे. ती सहज फिरली, तर दोष कुलपात नसून रोजच्या वापराने दाते झिजलेल्या किल्लीत आहे. दुसरी, तळहाताने झाकण खाली दाबून धरून किल्ली फिरवणे. तसे केल्यावर कुलूप उघडत असेल, तर पॅकिंग फुगल्यामुळे खटक्यावर ताण येतो आहे असे समजावे. तिसरी गोष्ट चालत्या गाडीत कळते. काही अंतर गेल्यावर इंजिन गुदमरून बंद पडते, झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा आवाज येतो आणि गाडी पुन्हा सुरू होते, असे वारंवार घडत असेल तर हवेची वाट तुंबलेली आहे. उन्हात उभ्या असलेल्या गाडीचे झाकण उघडताना हवा बाहेर पडल्याचा हलका आवाज येणे मात्र वेगळे, त्यावरून बिघाडाचा निष्कर्ष काढू नये.

केवळ कुलूप जड झाले असेल, तर माझा कौल निःसंशय घरच्या उपायाला आहे. हे कुलूप आकाशाकडे तोंड करून बसलेले असते, त्यामुळे धूळ आणि पावसाचे पाणी इतर कुलपांपेक्षा त्यात अधिक साचते. म्हणूनच त्याच किल्लीने इग्निशन व्यवस्थित चालते आणि टाकी तेवढी रुसते. बॅरलमध्ये ग्रॅफाइटची पूड किंवा कोरडे वंगण घालून किल्ली वीस-पंचवीस वेळा आत-बाहेर करावी. इंजिन ऑइल घालण्याचा मोह टाळावा, कारण चार दिवस कुलूप लोण्यासारखे फिरते आणि पाचव्या दिवशी त्या तेलाला चिकटलेल्या धुळीचा लगदा होतो. एवढ्यासाठी सर्व्हिस सेंटरला गाडी दिवसभर ठेवण्यात अर्थ नाही, तिथेही याहून वेगळे काही करत नाहीत.

झाकण सोडवायचे असेल तर मात्र थोडी सावधगिरी हवी. बिजागरीच्या झाकणाभोवती जे बोल्ट दिसतात, त्यांतले काही पुष्कळ गाड्यांत निव्वळ शोभेचे असतात, आणि ते फिरत नाहीत म्हणून जोर करणाऱ्याच्या हाती गोल झालेले डोके तेवढे लागते. टाकीच्या तोंडात स्वच्छ कापडाचा बोळा बसवल्याशिवाय एकही बोल्ट सोडू नये. बोल्ट आत पडला तर दहा मिनिटांचे काम टाकी उतरवण्यापर्यंत जाते. झाकणाभोवतीच्या धातूच्या कड्याखाली पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी एक बारीक भोक असते आणि ते चिखलाने बुजलेले असणे अगदी सामान्य आहे. मी पहिल्यांदा कडे उचलले तेव्हा त्या भोकावर वाळलेल्या मातीची टोपी बसलेली होती आणि भोवती बोटभर गढूळ पाणी साचले होते. झाकण उघडताच ते पाणी थेट टाकीत उतरले असते. बोल्ट परत आवळताना हात हलका ठेवावा, कारण मऊ धातूतले आटे एकदा गेले की दुरुस्ती अवघड होते.

किल्ली तुटून आत अडकली किंवा हरवली, तर घरचे प्रयोग थांबवावेत. अशा वेळी मेकॅनिकपेक्षा किल्ली बनवणारा कारागीर अधिक उपयोगी पडतो. तुटलेला तुकडा बारीक हुकाने काढणे आणि कुलूप पाहून किल्ली घडवणे, हे त्याचे रोजचे काम असते. सर्व्हिस सेंटरचा मार्ग संथ पण खात्रीचा असतो, कारण गाडीसोबत मिळालेल्या बिल्ल्यावरील किल्लीचा क्रमांक जपून ठेवला असेल तर त्यावरून पुष्कळदा नेमकी किल्ली मागवता येते. इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीचे मालक येथे विनाकारण घाबरतात. किल्लीतली चिप इंजिन सुरू होण्यासाठी लागते. टाकीचे कुलूप निव्वळ यांत्रिक असेल, तर चिप नसलेल्या साध्या नकलेनेही झाकण उघडते. त्यामुळे फक्त टाकीसाठी महागडी प्रोग्राम केलेली किल्ली घेण्याचा सल्ला मिळाला, तर कारण विचारावे.

कोणी ड्रिल मशीन घेऊन पुढे आला, तर त्याला नम्रपणे थांबवावे. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सियसच्या आसपासही पेट घेण्याजोगी वाफ सोडते आणि ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने टाकीभोवती रेंगाळते. त्यात ड्रिलची ठिणगी पडली तर काय होईल, ते सांगायला नको. शिवाय धातूचा कीस टाकीत पडतो तो वेगळाच.

खरा पैशाचा प्रश्न झाकण बदलण्याच्या वेळी येतो. बॅरल पूर्ण खराब झाला असे सांगितल्यावर सर्व्हिस सेंटर बहुधा पूर्ण लॉकसेट सुचवते, म्हणजे इग्निशन, टाकी आणि सीट किंवा साइड पॅनेल यांची कुलपे एकत्र. यामागचे कारण खोटे नाही, कारण सगळ्यांना एकच किल्ली लागावी, तर एकाच संचातली कुलपे हवीत. इग्निशनचे कुलूपही झिजून सैल झाले असेल, तर लॉकसेट घेणेच शहाणपणाचे. परंतु इग्निशन ठणठणीत असताना एका झाकणासाठी सगळी कुलपे बदलणे मला पटत नाही. तिथे दोन पर्याय उरतात. सुटे झाकण घेऊन दोन किल्ल्या बाळगाव्यात, किंवा कुशल कारागिराकडून नव्या बॅरलमधल्या पट्ट्यांची जुळणी बदलून घ्यावी, म्हणजे जुनी किल्लीच त्याला चालेल. दुसरा पर्याय मी स्वतः निवडला आणि त्याचा पश्चात्ताप झाला नाही. मात्र काही बॅरल उघडता न येण्याजोगे बनवलेले असतात, म्हणून सुटे झाकण विकत घेण्यापूर्वीच ते कारागिराला दाखवावे.

बाजारातल्या स्वस्त झाकणाविषयी माझे मत सावध आहे. ते तोंडावर बसले म्हणजे गाडीला योग्य आहे, असे होत नाही. ज्या गाडीत हवा झाकणातूनच आत येते तिला बंद झाकण लावले, तर इंजिनला पेट्रोल मिळेनासे होते. ज्या गाडीत वाफ कॅनिस्टरकडे नेलेली आहे तिला छिद्राचे झाकण लावले, तर वाफ बाहेर पडत राहते आणि पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास दरवळतो. पॅकिंगचे रबर इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकणारे नसेल, तर ते फुगते आणि झाकण पुन्हा जड होते. या एका बाबतीत सर्व्हिस सेंटरमधला मूळ भाग घेण्याचे जास्तीचे पैसे मी वाजवी मानतो.

गळतीच्या तक्रारीत मात्र सर्व्हिस सेंटरची बाजूही ऐकून घ्यावी. पेट्रोल तापले की प्रसरण पावते, दर १० अंशांना साधारण १ टक्का. पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या गार साठ्यातून १२ लिटरची टाकी काठोकाठ भरली आणि गाडी उन्हात २० अंशांनी तापली, तर जवळजवळ पाव लिटर पेट्रोलला जागा उरत नाही. अशा वेळी साइड स्टँडवर झुकलेल्या गाडीच्या झाकणातून थेंब आले, तर दोष झाकणाचा नसून भरण्याच्या पद्धतीचा असतो. टाकी पाऊण भरलेली असतानाही कड ओलसर राहत असेल, तर पॅकिंग बदलावे. हे काम मेकॅनिककडे होण्यासारखे आहे, मात्र पॅकिंग गाडीच्या मॉडेलचेच असावे.

टाकीत पाणी गेल्याची शंका असेल, तर मी थेट सर्व्हिस सेंटर निवडतो, विशेषतः फ्युएल इंजेक्शनच्या गाडीसाठी. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते, आणि टाकीतला पंप पेट्रोल ओढतो तोही तळाजवळूनच. इथेनॉल काही प्रमाणात पाणी शोषून घेते, पण मर्यादा ओलांडली की दोन्ही मिळून खाली वेगळा थर धरतात. टाकी रिकामी करणे, पंप काढून जाळी तपासणे आणि त्याचे पॅकिंग नीट बसवणे या कामाला योग्य हत्यारे लागतात, तसेच पुढे काही बिघडले तर जबाबदारी घेणारे कोणी असावे लागते.

गाडी वॉरंटीत असेल तर वरचे बरेचसे विवेचन बाजूला ठेवून झाकणाला हातही लावू नये. खोललेल्या बोल्टच्या खुणा दिसल्या की दावा नाकारायला निमित्त मिळते. येथे माझा अनुभव उपयोगी पडावा. पहिल्या खेपेस मी जॉब कार्डवर, म्हणजे सेंटरच्या कामाच्या नोंदपत्रावर, ‘टाकीचे झाकण तपासणे’ एवढेच लिहू दिले. गाडी संध्याकाळी धुऊन-पुसून परत आली, कुलपात स्प्रे मारलेला होता आणि कार्डावर ‘ओके’ लिहिले होते. तीन आठवड्यांनी किल्ली पुन्हा अडकली. दुसऱ्या खेपेस मी मोबाइलवर चित्रफीत दाखवली आणि कार्डावर ‘किल्ली अर्ध्या फेऱ्यावर अडते, पाचपैकी तीन वेळा, याच तक्रारीची दुसरी भेट’ असे लिहवून घेतले. त्याच सेंटरने त्याच दिवशी झाकण वॉरंटीत बदलण्यासाठी नोंदवले. माणसे तीच होती, फक्त ‘ओके’ लिहायला जागा उरली नव्हती. भाग मागवला असेल तर मागवल्याची तारीख लेखी घ्यावी, आणि पैसे देऊन बदलत असाल तर जुना भाग परत मागावा.

भाग येईपर्यंत काही दिवस काढावे लागतात. तेवढ्या काळात टाकी अर्ध्याच्या वर भरू नये, पावसात झाकणावर आच्छादन टाकावे आणि खटका धरत नसेल तर गाडी चालवूच नये. तोंडात कापड कोंबून किंवा प्लास्टिकची पिशवी रबराने बांधून फिरणारे मी पाहिले आहेत. कापडातून वाफ सुटत राहते, ओले झालेले कापड इंजिनच्या वर पेट्रोल टपकवते, आणि घट्ट बांधलेल्या पिशवीने हवा अडली की गाडी मधेच गुदमरते.