घरची पास्का मेणबत्ती: पन्नास दिवस पुरते का?

पास्का जागरणाच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चबाहेर नव्या अग्नीवर पेटते ती मोठी मेणबत्ती एकच, आणि दरवर्षी नवी. घरासाठी तिचं छोटं रूप संच म्हणून मिळतं: 20 सेंमी उंच, 5 सेंमी जाड पांढरी मेणबत्ती, वर लाल मेणाचा क्रूस, आल्फा-ओमेगा (ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर), वर्षाचे चार आकडे आणि पाच टाचण्या. अशाच एका संचाचं हे परीक्षण. आमची कसोटी साधी आहे. ईस्टर ते पेंटेकॉस्ट (पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण), म्हणजे 2026 साली 5 एप्रिल ते 24 मे, असे 50 दिवस ती घरात जळली पाहिजे, आणि शेवटच्या संध्याकाळीही तिच्यावरचा क्रूस शाबूत दिसला पाहिजे.

मेणाला पूर्ण गुण. वजन सुमारे 350 ग्रॅम, वात विणलेल्या सुताची आणि अगदी मधोमध. तासाला साधारण 6 ग्रॅम मेण जळतं, तेव्हा पुरण्याची चिंता नाही. अडचण दुसरीच आहे. घरची संध्याकाळची प्रार्थना पंधरा मिनिटांची. तेवढ्यात फक्त वातीभोवतीचं मेण वितळतं, कडा तशीच राहते. चार-पाच दिवसांत मधे खड्डा पडतो, वात त्यात बुडते आणि ज्योत बारीक होते. म्हणून पहिल्या दिवशी, ईस्टरच्या रविवारी, ती सलग दोन तास जळू द्यावी. वितळलेलं मेण कडेजवळ पोहोचलं पाहिजे. पुढच्या प्रत्येक रविवारी तेच करावं. हे आठ रविवार आणि मधले 42 दिवस पंधरा-पंधरा मिनिटं, असे मिळून साडेसव्वीस तास होतात. त्यात 160 ग्रॅम मेण जातं, म्हणजे मेणबत्ती 9 सेंमी खाली येते.

संचाचा मोठा दोष इथेच उघडा पडतो. आल्फा वरच्या टोकापासून जेमतेम 4 सेंमीवर चिकटवला आहे. चौथ्या आठवड्यात ज्योत तिथे पोहोचते आणि प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या सणाआधीच आल्फा वितळून जातो, मग क्रूसाचा माथाही. ‘मी आल्फा आणि ओमेगा’ हे वचन जिच्याकडे बघून मुलांना शिकवायचं, तिच्यावर नुसता ओमेगा उरतो. बनवणाऱ्यांनी मेणबत्ती देवघरात ठेवून पाहिली असती तर हे लगेच लक्षात आलं असतं.

उपाय घरी करता येतो. नक्षी मेणाच्या पातळ पत्र्याची आहे, नुसती दाबून बसवलेली. सुरीचं पातं कोमट पाण्यात बुडवून पुसा आणि अलगद नक्षीखाली सरकवा. नक्षीचा एकेक भाग न तुटता सुटून येतो. वरचे 10 सेंमी मोकळे सोडा. नक्षी तळहातावर अर्धा मिनिट धरून मऊ करा आणि खाली बसवा. आधी क्रूसाचा उभा दांडा, मग आडवा, वर आल्फा, खाली ओमेगा, शेवटी आकडे: 2 वर डावीकडे, 0 वर उजवीकडे, 2 खाली डावीकडे, 6 खाली उजवीकडे. चर्चमध्ये धर्मगुरू याच क्रमाने रेघा कोरतात. टाचण्या शेवटी, एक मधोमध आणि चार टोकांना. त्या ख्रिस्ताच्या पाच जखमा. हे काम मुलांच्या हातून करून घ्यावं. टाचणी मेणात रुतताना ‘पाचच का?’ हा प्रश्न हमखास येतो आणि धर्मशिक्षणाचा अर्धा तास तिथेच होतो.

कागदी किंवा प्लॅस्टिकची नक्षी असलेले संच मात्र घेऊच नयेत. ज्योत जवळ आली की कागद दुसऱ्या वातीसारखा पेट घेतो.

वात रोज 6 मिलिमीटर ठेवून कापावी, पंखा बंद करावा. वाऱ्याने मेण एकाच बाजूने ओघळतं आणि भिंतीवर काजळी धरते. फुंकर मारू नका. वाकवलेल्या तारेने वात वितळलेल्या मेणात बुडवून लगेच उभी करा. धूर होत नाही आणि वातीला मेण लागल्याने दुसऱ्या दिवशी ती चटकन पेटते. एप्रिल-मेच्या उकाड्यात खिडकीत किंवा फ्रिजवर उभी ठेवलेली मेणबत्ती वाकते. ती सुती कापडात गुंडाळून आडवी ठेवावी.

संचासोबतचं प्रार्थनापत्रक त्रोटक आहे, आठवडाभरातच संपतं. त्यापेक्षा बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक घ्यावं: 28 अध्याय, रविवार सोडून रोज एक. पास्काकाळात, म्हणजे याच पन्नास दिवसांत, चर्चमध्येही हेच पुस्तक वाचलं जातं. सातवा अध्याय 60 ओव्यांचा आहे, तो दोन दिवसांत वाचावा. पुढे योहानाच्या शुभवर्तमानाचे अध्याय 14 ते 17. एकाने पेटवायचं, दुसऱ्याने वाचायचं, आणि दुसऱ्या दिवशी पाळी बदलायची.

नक्षी खाली घ्यायची तयारी असेल तर संच जरूर घ्यावा. पेंटेकॉस्टनंतर 11 सेंमी मेणबत्ती उरते. घरातल्या प्रत्येकाच्या बाप्तिस्म्याची तारीख तिच्या पेटीच्या झाकणावर लिहून ठेवा आणि त्या त्या दिवशी ती पेटवा.