उंची पाच फूट एक इंच आणि हाताने बनवून घेतलेली स्टीलची एमटीबी (माउंटन बाइक) फ्रेम

ज्यांची उंची कमी आहे आणि ज्यांना मनापासून ट्रेलवर सायकल चालवायचीय अशा मुलींसाठी मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण मी शोधत होते तेव्हा मराठीत सोडा, इंग्लिशमधेही आपल्या मापाबद्दल कुणी धड काही लिहिलेलं सापडत नव्हतं. मी ब्रिस्टलला राहते, उंची १५५ सेंटीमीटर, वजन ५२ किलो. फ्रेम घेतली ती सॉमरसेटमधल्या एकट्या माणसाच्या वर्कशॉपमधून. हार्डटेल आहे, म्हणजे पुढे सस्पेन्शन, मागे काही नाही, आणि सगळे जोड हाताने पितळेचे ब्रेझिंग करून, म्हणजे वितळलेल्या पितळेने जोडून केलेले. त्याचं नाव टाकत नाही, एकटा माणूस आहे आणि हातात आधीच भरपूर ऑर्डरी आहेत.

त्याआधी दुकानं पालथी घातली होती. स्मॉल आणि एक्स्ट्रा स्मॉल म्हणून जे दाखवतात त्यात बहुतेक वेळा सीटचा पाइप तेवढा कापून लहान केलेला असतो, बाकी सगळं तसंच. २९ इंची चाकं, लांब फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), त्यामुळे हँडल छातीशी येतं आणि उतारावर मागे सरकायला गेलं की टायर पँटला घासतो. ड्रॉपर सीटपोस्ट, म्हणजे चालवता चालवता सीट खालीवर करता येणारा दांडा, पूर्ण खाली जात नाही तो वेगळाच ताप. एका दुकानात तर मला सरळ लहान मुलांची २४ इंची सायकल दाखवली, तिचा फोर्क माझ्या वजनाला अजिबात पुरला नसता. राग आला होता आणि तो अजूनही बरोबरच वाटतो, कारण आपण पूर्ण पैसे मोजतो मग सायकल पण मोठ्या माणसाचीच मिळायला हवी.

पण मापापेक्षा मोठी गोष्ट मला या माणसाकडे गेल्यावर कळली आणि ती म्हणजे ताठपणा. मोठ्या कंपन्यांच्या फ्रेम आयएसओ ४२१० या मानकाप्रमाणे तपासतात, त्यात किती जोर लावायचा ते सायकलच्या प्रकारावर ठरतं, साइझवर नाही. म्हणजे सहा फुटी माणसाच्या फ्रेमला जो मार तोच माझ्या फ्रेमला. आता छोट्या फ्रेमचे पाइप मुळातच आखूड, आखूड पाइप कमी वाकतो, त्यात व्यास तोच ठेवला की ५२ किलोच्या माणसाला ती फ्रेम दगडासारखी लागणारच! मला इतकी वर्षं वाटायचं की हात दुखतात ते माझ्यात ताकद कमी म्हणून.

त्याने पहिल्या भेटीत माझं माप घ्यायच्या आधी वजन विचारलं, कुठे चालवते विचारलं, उतारावर उभी राहते की बसते विचारलं, आधीच्या सायकलवर नेमकं कुठे दुखायचं तेही विचारलं आणि मग खालच्या मुख्य पाइपला ३८ ऐवजी ३५ मिलिमीटर व्यास ठरवला. ऐकायला ३ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, पण जाडी तीच ठेवली तर वाकण्यातला ताठपणा साधारण व्यासाच्या घनाप्रमाणे बदलतो, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा कमी. आणि महागडं स्टील घेतलं की फ्रेम जास्त ताठ किंवा जास्त मऊ होते असं लोक म्हणतात ते खरं नाही, स्टील कुठलंही घ्या, लवचिकता जवळपास तीच असते. महाग स्टील जास्त मजबूत असतं म्हणून पाइपाची भिंत पातळ ठेवता येते, फरक तिथे पडतो.

माझ्या पुढच्या त्रिकोणाला रेनॉल्ड्स ८५३ वापरलंय, मागचे पाइप साध्या ४१३० क्रोमोलीचे (क्रोमियम आणि मोलिब्डेनम घातलेलं स्टील). रेनॉल्ड्स ही बर्मिंगहॅमची जुनी कंपनी, मुळात खिळे बनवणारी, आणि १८९७ साली त्यांनी पेटंट घेतलं ते टोकाला जाड आणि मधे पातळ असलेल्या पाइपाचं, ज्याला बटेड म्हणतात. जोडाला उष्णता लागते, तिथेच जास्त ताण येतो, म्हणून तिथे ०.८ मिलिमीटर आणि मधे फक्त ०.५. नखाने टिचकी मारत गेलं की पाइपाच्या मधल्या भागाचा आवाज वेगळा येतो, त्याने मला करून दाखवलं.

अजून एक. हे कस्टम बिस्टम म्हणजे हौशी लोकांचे लाड असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात घ्यावं की माउंटन बाइकची सुरुवातच अशी झाली. कॅलिफोर्नियात मरिन काउंटीत १९७६ साली रिपॅक नावाच्या उतारावर शर्यती सुरू झाल्या, पोरं श्विन कंपनीच्या जुन्यापुराण्या सायकली घेऊन उतरायची, त्या फ्रेम तो मार किती दिवस खाणार. मग १९७७ मधे त्यांच्यातल्याच जो ब्रीझने क्रोमोली पाइपाची खास या कामासाठी फ्रेम बनवली, ती पहिली सायकल आता अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. कारखान्यातून ढिगाने निघणाऱ्या एमटीबी नंतर आल्या.

आता काम कसं केलंय ते, कारण खरे पैसे याचेच आहेत. पाइपाचं टोक दुसऱ्या पाइपावर बसेल असं गोलाईत कापतात त्याला माइटर म्हणतात, त्याने ते मशिनवर कापून मग अर्धगोल कानशीने हाताने नीट केलं आणि दोन पाइप जुळवून मागे टॉर्च धरला. उजेडाची रेघ दिसली की परत कानस. मला वाटलं होतं पितळ भरून घेणार तर एवढं कशाला, तर तो म्हणाला की पितळ फट भरायला नसतं, फटीत भरलेलं पितळ पुढे तडकतं. ब्रेझिंगमधे स्टील वितळत नाही, पितळ ९०० अंशांच्या आसपास वितळून पातळ होतं आणि लालभडक झालेल्या जोडात ओढलं जातं. वर हळूहळू थर चढवत गोलाई आणतात. ते करताना तो एक शब्द बोलत नव्हता, ज्योत सारखी हलती, एका जागी दोन सेकंद जास्त थांबली तर पातळ पाइप जळायचा. नंतर फ्लक्स (जोड स्वच्छ राहावा म्हणून लावलेला लेप) काचेसारखा कडक होतो, तो गरम पाण्यात भिजवून काढायचा आणि मग कानस, एमरीची पट्टी, परत एमरी. हेडट्यूबच्या (हँडल बसतं त्या पुढच्या पाइपाच्या) जोडावर बोट फिरवलं तर एक पाइप कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला कळत नाही.

सगळ्यात अवघड जागा पेडलच्या मागची. मला मागचं चाक जवळ हवं होतं, चेनस्टे (पेडलपासून मागच्या चाकापर्यंतचा पाइप) ४२० मिलिमीटर, टायर २.४ इंची, आणि त्याच इंचभर जागेतून एका बाजूने टायर, दुसऱ्या बाजूने ३० दातांची चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चाक) आणि मधून पाइप जायचा. पाइप तिथे मावतच नाही. त्याने उजव्या बाजूला पाइपाऐवजी जाड स्टीलची पट्टी कापून घातली आणि तिथून पुढे पाइप जोडला. ब्रिस्टलच्या हिवाळ्यातला चिखल जाईल एवढी जागा अजून शिल्लक आहे. ही एक जागा बघूनच मला कळलं की या माणसाला काम येतं. शिंप्याकडचा ब्लाउज जसा काखेत बघायचा तशी एमटीबी फ्रेम इथे बघायची.

चालवायला कशी आहे? ब्रिस्टलजवळच्या अ‍ॅश्टन कोर्टच्या नोव्हा ट्रेलवर आणि ली वुड्समधे मुळांवरून जाताना फरक लगेच कळतो, मागचं चाक उड्या मारत नाही, मुळाला धरून जातं. फॉरेस्ट ऑफ डीनला फ्रीमायनर्स ट्रेलचा पूर्ण फेरा मारून हात शाबूत असतात. चाकं २७.५ इंची घेतली आणि सीटचा पाइप ३५० मिलिमीटरचा, त्यामुळे ड्रॉपर पूर्ण आत जातो आणि तीव्र वळणावर सायकल आडवी झुकवायला जागा मिळते. चढावर पुढचं चाक भरकटत नाही. मला पहिल्यांदा सायकल माझ्याबरोबर वळतेय असं वाटलं, आधी मी तिच्या मागे मागे जायचे.

तक्रारीपण आहेत. सांगितलेल्या वेळेपेक्षा बराच उशीर झाला, आणि मधे मधे काय चाललंय ते आपणच फोन करून विचारावं लागतं. पावडर कोटिंग तो बाहेरून करून घेतो, त्या लोकांनी बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस बसतो त्या जागेच्या) आट्यांत रंग जाऊ दिला, परत आटे साफ करावे लागले. त्याने ते पैसे न घेता करून दिलं हे खरं, पण एवढ्या किमतीत ते व्हायला नको होतं. वजन नुसत्या फ्रेमचं २.३ किलो, चांगली अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम यापेक्षा अर्धा किलो तरी हलकी मिळते, शर्यती करणाऱ्यांनी विचार करावा. स्टील आहे म्हणजे गंजणार, आतून मेणाचा स्प्रे मारून घ्या आणि दरवर्षी परत मारा, कोकणात किंवा मुंबईला सायकल नेणार असाल तर हे विसरूच नका. विकायला गेलात तर गिऱ्हाईक मिळणं कठीण, माझ्या मापाची दुसरी कोण शोधायची.

किंमत फ्रेमला अठराशे पौंड पडले, फोर्क, चाकं सगळं वेगळं. तेवढ्यात मोठ्या ब्रँडची पूर्ण सायकल येते, मला माहितीय. तुमची उंची पाच फूट सहा इंच ते सहा फूट यांच्या मधे असेल आणि दुकानातली सायकल अंगाला बसत असेल तर तीच घ्या, मी कुणालाच उगीच कस्टम घ्या म्हणणार नाही. पण जिला बसतच नाही तिने चांगल्या बनवणाऱ्याकडे जाऊन आधी एवढंच बघा की तो वजन विचारतो का, आणि अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी ड्रॉइंग दाखवतो का. माझ्या ड्रॉइंगवर प्रत्येक पाइपाचा व्यास आणि जाडी लिहिलेली होती, आणि जुन्या सायकलच्या मापाची रेघ शेजारी वेगळ्या रंगात काढली होती. कुणाला ते बघायचं असेल तर मेसेज करा, पाठवते.